संगणकाची पेटी आणि तिचे कारखानदार

दौलताबादच्या किल्ल्याकडून खुलताबादेस जातांना वाटेवर कागजीपुरा नांवाचें एक लहानसें गांव लागतें. वेरूळचीं लेणीं पाहावयास जाणारे प्रवासी हजारांनीं त्याच्या शेजारून जातात. थांबतात ते थोडेच. गांवाच्या नांवांतच त्याचा इतिहास आहे. महंमद तुघलकानें इ. स. १३२७ च्या सुमारास आपली राजधानी दिल्लीहून देवगिरीस आणिली, तेव्हां त्याच्या लवाजम्याबरोबर कागद करणारे कसबी लोक दक्षिणेंत आले व येथें वसले, अशी परंपरा आहे. चिंध्या आणि जुने दोरखंड चुन्याच्या पाण्यांत भिजवावयाचे, कुटून त्यांचा लगदा करावयाचा, तो हौदांत कालवून गवताच्या काड्यांच्या जाळीवर एकेक ताव उचलावयाचा, भिंतीला लावून वाळवावयाचा, पिठाची खळ द्यावयाची आणि अखेर गुळगुळीत दगडानें घोटावयाचा, असा हा उद्योग. पेशवाईच्या दप्तरांत 'दौलताबादी' आणि 'जुन्नरी' या शब्दांनींच कागदाची जात कळे. मालाच्या नांवांत गांवाचें नांव मिसळून जावें, याहून मोठी कीर्ति कोणत्याहि कारागिराला मिळत नाहीं.

पुढें गिरणीचा कागद आला. प्रथम विलायतेहून, मग बंगाल्यांतून, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याजवळ मुंढव्याच्या गिरणींतूनहि. तो स्वस्त होता, एकसारखा होता आणि छापखान्याच्या यंत्राला सोसणारा होता. कागजीपुऱ्याचा कारागीर वाईट कागद करूं लागला म्हणून हरला, असें झालें नाहीं. कागदाचें कामच बदललें. बोरूच्या जागीं छापखान्याचा खिळा आला, आणि बोरू अडखळूं नये म्हणून घोटण्यांत जें कसब खर्ची पडे त्याचें मोल कोणी देईना. आजहि तेथें हातकागदाचें काम थोडेंबहुत चालतें. पण ज्या कागदावर राज्याचा हिशेब लिहिला जाई तो आतां शोभेची वस्तु झाला आहे.

कांहीं दिवसांपूर्वीं आमच्या विद्यार्थ्यांची सहल घेऊन आम्ही तेथें गेलों होतों. हें सर्व सांगून झाल्यावर एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, कागदाचें कळलें. पण आतां कागदाची जागा ज्यानें घेतली तो संगणक आपल्याकडे कोणी करीत होतें कीं नव्हतें?" आम्हीं त्यास दोनचार नांवें सांगितलीं आणि वेळ मारून नेली. परंतु तें उत्तर आमचें आम्हांसच पटलें नाहीं. बरें, इतिहासाच्या शिक्षकानें या विषयांत पडूं नये असें म्हणावें, तर घरोघरीं दिसणाऱ्या या यंत्राला आतां पन्नास वर्षें होत आलीं, आणि पन्नास वर्षें झालेल्या गोष्टीवर इतिहासाचा हक्क सुरू होतो. म्हणून त्या विद्यार्थ्याला द्यावयाचें राहिलेलें उत्तर येथें थोडें विस्तारानें देत आहों.

या यंत्राचा जन्म हौशी मंडळींत झाला. जानेवारी १९७५ मध्यें अमेरिकेंतील एका मासिकाच्या मुखपृष्ठावर 'अल्टेअर' नांवाच्या संगणकाचें चित्र झळकलें. न्यू मेक्सिको संस्थानांतील एका लहान पेढीनें तो काढिला होता. सुटे भाग टपालानें येत आणि गिऱ्हाइकानें ते स्वतः जोडावयाचे. दोन वर्षांनीं, १९७७ सालीं, जोडून तयार असलेलीं तीन यंत्रें एकाच वर्षांत बाजारांत आलीं: ॲपल कंपनीचें 'ॲपल टू', कमोडोरचें 'पेट', आणि टँडी कंपनीचें 'टी.आर.एस.-८०'. यांपैकीं आज ॲपलचेंच नांव लोकांस ठाऊक आहे. परंतु आरंभीं सर्वांत अधिक खपलें तें टँडीचें. कारण साधें होतें. टँडीचीं रेडिओ विकण्याचीं दुकानें अमेरिकेच्या गांवोगांवीं होतीं. जेथें दुकान तेथें गिऱ्हाईक, हा न्याय आमच्या आठवडे-बाजारांतल्या कोणत्याहि व्यापाऱ्यास शिकवावा लागत नाहीं.

तेव्हांचीं हीं यंत्रें एकमेकांशीं बोलत नसत. एकावर चालणारा कार्यक्रम दुसऱ्यावर चालत नसे. प्रत्येक कारखानदार आपल्यापुरतें एक संस्थान होता. तें चित्र १२ ऑगस्ट १९८१ या दिवशीं पालटलें. त्या दिवशीं आय.बी.एम. या कंपनीनें आपला पी.सी. जाहीर केला. मोठमोठ्या सरकारांस व पेढ्यांस खोलीएवढे संगणक भाड्यानें देणारी ही बलाढ्य कंपनी. लहान यंत्राच्या बाजारांत ती उशिरां आली आणि उशीर झाल्यामुळेंच तिला घाई झाली. फ्लॉरिडांतील बोका रॅटन येथें एक लहानशी तुकडी बसवून तिला सुमारें एक वर्षाची मुदत देण्यांत आली. एवढ्या वेळांत सर्व भाग स्वतः घडविणें शक्य नव्हतें. तेव्हां मेंदूचें काम करणारी चकती इंटेलकडून घेतली, आज्ञाप्रणाली मायक्रोसॉफ्ट या त्या वेळच्या छोट्या मंडळीकडून घेतली, आणि माहिती साठविण्याचे 'ड्राइव्ह' टंडन नांवाच्या कंपनीकडून घेतले. या टंडन कंपनीचा संस्थापक जन्मानें हिंदुस्थानी होता, व पुढें मुंबईंत अंधेरीच्या सीप्झ क्षेत्रांतहि तिचें काम चालत असे. म्हणजे या इतिहासाचा एक धागा पहिल्यापासून आमच्या दारावरून गेलेला आहे.

आय.बी.एम.नें आणखी एक गोष्ट केली. आपल्या यंत्राची रचना तिनें पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली, आणि मायक्रोसॉफ्टला ती प्रणाली इतरांस विकण्याची मोकळीक ठेविली. आतां मागें वळून पाहतां ही चूक दिसते. त्या वेळीं ती चूक नव्हती. तिच्यामुळेंच शेंकडों लोकांनीं त्या यंत्राजोगे कार्यक्रम लिहिले, शेंकडों कारखान्यांनीं त्यांत बसणारे भाग केले, आणि थोड्याच वर्षांत 'पी.सी.' म्हणजे आय.बी.एम.च्या धर्तीचें यंत्र असा अर्थ रूढ झाला. यंत्राचा आत्मा म्हणावा असा एक लहानसा अंतर्गत लेख (त्यास 'बायॉस' म्हणतात) तेवढा कंपनीच्या मालकीचा राहिला. कायदा त्याची नक्कल करूं देत नसे.

कायद्याच्या या भिंतीला ज्या तऱ्हेनें वळसा घालण्यांत आला ती तऱ्हा न्यायशास्त्राच्या अभ्यासकांनींहि पाहण्यासारखी आहे. टेक्सासमधील तिघां माजी नोकरांनीं १९८२ सालीं कॉम्पॅक नांवाची कंपनी काढिली. त्यांनीं आपल्या माणसांचे दोन तट केले. एका तटानें आय.बी.एम.चा लेख वाचावा आणि तो काय काय करतो एवढेंच लिहून ठेवावें. दुसऱ्या तटानें, मूळ लेख डोळ्यांनींहि न पाहतां, त्या वर्णनावरून नवा लेख लिहावा. अशा रीतीनें चोरी न करतां तेंच काम करणारी वस्तु सिद्ध झाली, आणि पहिल्याच वर्षीं कॉम्पॅकनें ११ कोटी १० लाख डॉलरांचा माल विकला. पुढें १९८४ सालीं फिनिक्स नांवाच्या कंपनीनें असाच बायॉस तयार करून तो मागेल त्यास विकावयास काढिला. आतां दार सताड उघडलें. तैवानांत, कोरियांत, टेक्सासांत, कोणींहि सांगाडा घ्यावा, भाग घ्यावे, फिनिक्सचा लेख घ्यावा, मायक्रोसॉफ्टची प्रणाली घ्यावी आणि आपलें नांव लावून पेटी विकावी.

यानंतरची चढाओढ ही पेट्यांची चढाओढ आहे. आणि पेट्यांच्या चढाओढींत पेटीवाल्यांच्या हातीं फारसें राहत नाहीं, हें या इतिहासाचें मर्म आहे. सर्वांचें यंत्र आंतून एकच, मग गिऱ्हाईक किंमतीकडे पाहतें. किंमत उतरते, नफा उतरतो, परंतु इंटेलच्या चकतीवांचून आणि मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीवांचून कोणाचीच पेटी हलत नसल्यामुळें त्या दोघांचा नफा चढत जातो. आय.बी.एम.ला हें कळावयास सहा वर्षें लागलीं. एप्रिल १९८७ मध्यें तिनें 'पी.एस./टू' हें नवें यंत्र काढून आंतील जोडणीचा मार्ग पुनः आपल्या मालकीचा करण्याचा यत्न केला. पुढच्याच वर्षीं कॉम्पॅकच्या पुढाकारानें नऊ प्रतिस्पर्धी कारखानदार एकत्र आले आणि त्यांनीं आपला वेगळा मार्ग जाहीर केला. घर आय.बी.एम.नें बांधिलें होतें, पण भाडेकरू आतां तिचें ऐकेनात. इंटेलनें तर १९९१ पासून स्वतःची जाहिरात कारखानदारांच्या पेट्यांवरच चिकटविण्यास आरंभ केला: 'आंत इंटेल आहे'. त्या जाहिरातीच्या खर्चाचा कांहीं भाग ती कारखानदारांस परत देई. आपल्याच पेटीवर दुसऱ्याचें नांव लावण्याबद्दल पैसे मिळावेत, आणि ते आनंदानें घ्यावे लागावेत! कारागिराची इतकी सभ्य रीतीनें झालेली पदावनति आमच्या वाचनांत दुसरी नाहीं.

आतां आपल्याकडे वळूं.

हिंदुस्थानांत १९७३ च्या परकीय चलनाच्या कायद्यानें परदेशी कंपन्यांस आपलें भांडवल चाळीस टक्क्यांपर्यंत उतरविण्यास सांगितलें, आय.बी.एम.नें तें मानलें नाहीं आणि १९७८ सालीं ती येथून निघून गेली. त्या पोकळींत देशी कारखानदार उभे राहिले. दिल्लीकडे एच.सी.एल. १९७६ पासूनच होती. बंगलोराकडे विप्रो आली. महाराष्ट्रांत पाहावें तर पुण्यास ब्रिटिश आय.सी.एल. कंपनीशीं निगडित असा संगणकांचा कारखाना होता, मुंबईंत टाटांची नेल्को होती, पटणी मंडळींचा धंदा होता, आणि १९८० सालीं राज सराफ यांनीं मुंबईंत झेनिथ कॉम्प्यूटर्स काढिली, तिची जुळवणी पुढें गोव्यांत होत असे. राजीव गांधी पंतप्रधान झाल्यावर थोड्याच दिवसांत, नोव्हेंबर १९८४ मध्यें, नवें संगणक-धोरण जाहीर झालें. परवान्यांचे पाश सैल झाले, सुट्या भागांवरील जकात उतरली, आणि आय.बी.एम.च्या धर्तीचे पी.सी. येथें जुळूं लागले. मद्रासेकडील स्टर्लिंग कंपनीनें आपला 'शिवा' पी.सी. इतरांहून फारच कमी किंमतीस काढून खळबळ उडविली, तीहि याच दशकांत.

हे कारखाने खोटे होते असें म्हणणें अन्यायाचें होईल. भाग परदेशचे असले तरी आमच्या विजेचे धक्के सोसणारी रचना, आमच्या बँकांच्या खातेवह्यांजोगे कार्यक्रम, तालुक्याच्या गांवीं जाऊन दुरुस्ती करणारा माणूस, हें सर्व देशी होतें व कष्टानें उभें केलेलें होतें. पण जकातीच्या कुंपणाआड वाढलेल्या झाडाला वाऱ्याची संवय नसते. परवाना ज्याच्या हातीं, त्याचा माल खपे. संशोधनावर खर्च करण्याची निकड कोणास वाटली नाहीं. शिवाय ज्यांच्यापाशीं बुद्धि होती त्यांस लौकरच दुसरी वाट दिसली. पटणींच्या पेढींतून बाहेर पडलेल्या मंडळींनीं १९८१ सालीं पुण्यांत इन्फोसिस काढिली; तिनें पेटी केली नाहीं, पेटींत घालावयाचा मजकूर परदेशांस लिहून दिला. पुण्याचा तो संगणकांचा कारखानाहि हात बदलत बदलत अखेर झेन्सार नांवानें तसाच मजकूर लिहिणारी कंपनी झाला. यांत कोणाचा दोष काढतां येत नाहीं. ज्या कामांत जकात नाहीं, गोदाम नाहीं, आणि दाम डॉलरांत मिळतो, त्या कामाकडे माणसें गेलीं.

आमच्या महाविद्यालयांत पहिला संगणक आला तेव्हांची गोष्ट आम्हांस चांगली आठवते. आम्ही तेव्हां नुकतेच नोकरीस लागलों होतों. यंत्र एका देशी कंपनीचें. कंपनीचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. त्यासाठीं एक खोली रंगविली, दारांत पादत्राणें काढण्याची पाटी लाविली, आणि नारळ फोडला. तीन महिन्यांनीं यंत्र बंद पडलें. कंपनीचा माणूस येतो येतो म्हणून सहा आठवडे आला नाहीं. शेवटीं विज्ञान शाखेच्या एका विद्यार्थ्यानें परवानगी काढून पेटी उघडली, तेव्हां आम्हीहि कुतूहलानें डोकावलों. आंत पाहतों तों प्रत्येक हिरव्या पाटीवर तैवानचें नांव. त्या विद्यार्थ्यानें मुंबईस जाऊन लॅमिंग्टन रस्त्यावरून एक सुटा भाग आणला आणि यंत्र सुरू केलें. भागाची किंमत कंपनीच्या दुरुस्तीच्या अंदाजाच्या एक पंचमांशाहून कमी होती. त्या दिवशीं त्या मुलाला जें कळलें तें त्या वेळीं देशभर हजारों मुलांना कळत होतें.

लॅमिंग्टन रस्ता म्हणजे मुंबई महानगरपालिकेच्या लेखीं दादासाहेब भडकमकर मार्ग. रेडिओच्या सुट्या भागांचा हा जुना बाजार नव्वदच्या दशकांत संगणकाच्या भागांचा झाला. येथून भाग न्यावेत, घरीं किंवा दुकानांत जोडावेत, आणि कंपनीच्या यंत्राहून बऱ्याच कमी भावांत विकावेत, असा धंदा गांवोगांवीं सुरू झाला. त्या दशकाच्या अखेरीस देशांत विकल्या जाणाऱ्या पी.सी.पैकीं निम्म्याहून अधिक यंत्रें अशीं बिननांवाचीं होतीं. बाजाराचा वांटा मोजणारे लोक कंपन्यांच्या नांवांपुढें आंकडे मांडीत, आणि सर्वांत मोठा आंकडा 'इतर' या रकान्यांत पडे. कर चुकविण्याचे प्रकार त्यांत होते, हें नाकारतां येत नाहीं. तरी आमच्या मतें मराठवाड्यासारख्या प्रांतांत संगणक पोहोंचला तो या 'इतर' रकान्यानेंच. आमच्या त्या विद्यार्थ्यानेंहि शहरांत दुकान घातलें. पदवी मिळवून नोकरी न करतां त्यानें पाने-पेंचकस हातीं घेतला, याचें आम्हांस तेव्हां वाईट वाटलें होतें, हें कबूल करतों. चारपांच वर्षांत त्याच्याकडे सहा माणसें काम करूं लागलीं. त्यानें आपल्या यंत्राला स्वतःचें नांव दिलें, तीन रंगांत चिकटपट्ट्या छापून घेतल्या, आणि जालन्यापासून पैठणपर्यंतच्या शाळांना यंत्रें पुरविलीं.

येथें तुलनेसाठीं चीनकडे पाहिलें पाहिजे. नोव्हेंबर १९८४, ज्या महिन्यांत आमचें नवें धोरण जाहीर झालें, त्याच महिन्यांत पेकिंगमध्यें तेथील विज्ञान अकादमीच्या अकरा जणांनीं दोन लाख युआनांच्या भांडवलावर एक पेढी काढिली. तीच पुढें 'लीजंड' आणि त्यानंतर 'लेनोव्हो' झाली. तिचा पहिला यशस्वी माल पेटी नव्हता. परदेशी संगणकांत बसवून त्यावर चिनी लिपी उमटविणारें एक कार्ड होतें. त्या कार्डाच्या जोरावर तिनें परदेशी यंत्रें विकलीं, विकतां विकतां गिऱ्हाईक ओळखलें, दुकानांचें जाळें विणलें, आणि १९९० मध्यें स्वतःच्या नांवाचा पी.सी. काढिला. नव्वदच्या दशकांत भाव उतरवून ती आपल्या देशांत पहिली झाली.

आतां मौज पाहा. असेंच कार्ड आपल्याकडेहि होतें! कानपूरच्या आय.आय.टी.मध्यें आरंभिलेलें आणि पुढें पुण्यास १९८८ सालीं स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेंत वाढलेलें 'जिस्ट' कार्ड कोणत्याहि पी.सी.मध्यें बसवितां येई आणि मग त्यावर देवनागरी, गुजराती, तमिळ अशा आमच्या लिपी उमटत. मोहन तांबे यांच्यासारख्या कर्त्या अभियंत्यांचें तें काम, गुणांत चिनी कार्डाहून कोठेंहि कमी नाहीं. चीनमध्यें कार्ड, दुकान आणि पेटी हीं एका घरांत नांदलीं. आमच्याकडे कार्ड सरकारी प्रयोगशाळेंत, पेटी खाजगी कारखान्यांत, आणि दुकान लॅमिंग्टन रस्त्यावर. शिवाय पेटी विकत घेणाऱ्या आमच्या सुशिक्षितांस आपल्या लिपीची गरजच भासत नव्हती. अर्ज इंग्रजींत, हिशेब इंग्रजींत, आणि आमच्यासारख्या प्राध्यापकांचीं टिपणें तर इंग्रजींतच. ज्या देवगिरीच्या यादवांच्या पदरीं असलेल्या हेमाद्रीस परंपरेनें मोडी लिपीचा प्रवर्तक मानतात, त्या देवगिरीच्या छायेंत राहून आम्हीं वीस वर्षें आपल्या भाषेचें एक अक्षर संगणकावर लिहिलें नाहीं. गिऱ्हाइकानें न मागितलेली वस्तु कारखानदारानें कां करावी?

पुढचा भाग थोडक्यांत सांगतां येतो. माहिती-यंत्रांवरील जकाती उठविण्याच्या आंतरराष्ट्रीय करारांत हिंदुस्थान १९९७ सालीं सामील झाला, आणि २००५ पर्यंत तयार संगणकावरील आयात-जकात शून्यावर आली. कुंपण गेलें. इकडे जगाच्या बाजारांत डेल कंपनीनें आधीं मागणी घ्यावयाची व मग यंत्र जोडावयाचें अशी रीत पाडून गोदामाचा खर्चच जवळजवळ नाहींसा केला होता; २००२ मध्यें कॉम्पॅक ही ह्यूलेट-पॅकार्डच्या पोटांत गेली; आणि डिसेंबर २००४ मध्यें खुद्द आय.बी.एम.नें आपला पी.सी.चा सबंध धंदा त्या अकरा माणसांच्या पेढीला, लेनोव्होला, विकण्याचा करार केला. ज्यानें घर बांधिलें त्यानेंच तें सोडिलें. कोट्यवधि यंत्रें घाऊक करणाऱ्या अशा कंपन्यांपुढें आमच्या कारखानदारांचें गणित जमेना. २०१३ सालीं एच.सी.एल. आणि विप्रो या दोघींनींहि पी.सी. करणें सोडून दिलें, आणि त्याच सालीं लेनोव्हो जगांत पहिल्या क्रमांकावर चढली. झेनिथचें नांवहि बाजारांतून दिसेनासें झालें.

या ठिकाणीं देवगिरीच्या वेढ्याची गोष्ट आठवल्यावांचून राहत नाहीं. इ. स. १२९६ मध्यें अल्लाउद्दीन अचानक चालून आला, तेव्हां रामदेवराव किल्ल्यांत शिरला. घाईघाईनें आंत घेतलेलीं पोतीं धान्याचीं समजून ठेविलीं होतीं. उघडून पाहिलीं तों त्यांत मीठ निघालें. फेरिस्त्यानें दिलेली ही कथा जशीच्या तशी खरी धरावी कीं नाहीं, याविषयीं आम्हांस शंका आहे. दौलताबादचे वाटाडे मात्र ती डोळ्यांदेखत घडल्यासारखी सांगतात. बंद पोत्यावर विसंबणारे राजेच असतात असें नाहीं.

यावरून कोणी असें अनुमान काढील कीं आंतला मुख्य भाग ज्याच्या हातीं तोच टिकतो, आणि आमच्या लोकांनीं तो हस्तगत केला असता म्हणजे झालें असतें. हें अनुमान इतकें सरळ नाहीं, आणि त्याला अपवाद शोधावयास आम्हांस दूर जावें लागत नाहीं. आमच्या शहरापासून पैठणच्या रस्त्यावर चितेगांव येथें व्हिडिओकॉनचा कारखाना उभा राहिला. नंदलाल माधवलाल धूत यांनीं पाया घातलेला व त्यांच्या पुत्रांनीं वाढविलेला हा उद्योग, जपानच्या तोशिबा कंपनीच्या साहाय्यानें रंगीत दूरदर्शन-संच करूं लागला आणि बघतां बघतां देशांतील अग्रगण्य झाला. मराठवाड्यांतील किती घरांची चूल त्यावर पेटली हें येथें राहणारासच ठाऊक. संगणकाचा पडदा आणि दूरदर्शनचा पडदा यांचें मुख्य इंद्रिय तेव्हां एकच, काचेची चित्रनळी. २००५ सालीं या कंपनीनें मोठी उडी घेतली: फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा चित्रनळ्यांचा धंदा, पोलंड, इटली, मेक्सिको आणि चीन येथील कारखान्यांसह, तिनें विकत घेतला. आंतला मुख्य भाग आतां आपल्या हातीं आला, असें तेव्हां वाटलें असल्यास नवल नाहीं; शहरांत आम्हां सर्वांस अभिमान वाटला होता. परंतु ती उडी पडत असतांनाच सपाट पडद्यांचे भाव उतरूं लागले, आणि कांहीं वर्षांतच काचेच्या नळीला जगांत गिऱ्हाईक उरलें नाहीं. पुढें कर्जाचा डोंगर वाढत गेला व जून २०१८ मध्यें कंपनीवर दिवाळखोरीच्या कायद्याखालीं कारवाई सुरू झाली. कागजीपुऱ्याच्या लोकांपाशीं तर आंतला-बाहेरचा सगळाच भाग स्वतःचा होता.

मग लेनोव्होनें काय साधलें? आमच्या समजुतीप्रमाणें चकती तिची नव्हती, प्रणाली तिची नव्हती. तिच्यापाशीं गिऱ्हाईक होतें, तेंहि प्रचंड मोठें आणि आपल्या लिपींत लिहिणारें, आणि पाठीशीं दीर्घकाल धीर धरणारें सरकारी भांडवल होतें. यांतील पहिली गोष्ट आमच्यापाशींहि होती. तिची आम्हीं गणनाच केली नाहीं. २०२३ मध्यें जगांत विकल्या गेलेल्या पी.सी.पैकीं सुमारें निम्मे-पाऊण लेनोव्हो, ह्यूलेट-पॅकार्डची उत्तराधिकारी एच.पी., डेल व ॲपल या चौघींनीं पुरविले. त्यांत लेनोव्होचा वांटा जवळजवळ चतुर्थांश. आमच्या देशांत त्याच वर्षीं एच.पी. पहिली, तिचा वांटा सुमारें तीस टक्के. त्याच वर्षीं सरकारनें या धंद्यास उत्तेजन देण्यासाठीं सतरा हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली, ऑगस्टमध्यें परदेशी लॅपटॉपांच्या आयातीस परवान्याचें बंधन घालण्याचा हुकूम काढिला, आणि मग तें बंधन पुढें ढकलून नोव्हेंबरपासून नुसत्या नोंदणीसारखी सौम्य व्यवस्था केली. सोडलेल्या कुंपणाच्या जागीं पुनः कुंपण घालूं पाहणाऱ्याचे हात असेच कांपावयाचे.

हा लेख लिहावयास घेतल्यावर आम्ही आमच्या त्या जुन्या विद्यार्थ्याच्या दुकानीं गेलों. यंत्रें जोडणें त्यानें २००८ च्या सुमारास बंद केलें. आतां तो दुरुस्ती करतो, आणि जोडीला एक मुलगा आहे. आम्हीं विचारलें, तेव्हां त्यानें फळीवरून एक डबा काढून दाखविला. त्याच्या नांवाच्या त्या तीन रंगांच्या चिकटपट्ट्या, दोनशें तरी असतील. "टाकून कशा देणार, सर? छपाईचे पैसे दिले होते," तो म्हणाला. दुरुस्त केलेलें प्रत्येक यंत्र परत देतांना त्याच्या पाठीमागें तो त्यांतील एक पट्टी लावतो आणि तिच्यावर शाईनें तारीख घालतो. आमचें यंत्र त्यानें त्याच दिवशीं परत दिलें. पुढें चिनी कंपनीचें नांव, त्याच्या खालीं अमेरिकेच्या चकतीची जाहिरात, आणि मागें त्याची पट्टी. तारीख त्यानें देवनागरी आंकड्यांत घातली होती.